टाचणीबाईचा पिवळा कोट

ब्रेक कचकन लागला आणि टाचणीबाईच्या मांडीवरचा सेनापतीचा अंगरखा, राणीची शाल, दोन शिपायांच्या तुमानी असा सगळा ढीग घसरून तिच्या पायांशी पडला. सवयीने तिचा हात आधी कपड्यांकडे गेला, पण नजर काचेवरच राहिली, कारण काचेपलीकडे, गाडीच्या नाकासमोर, एक सायकलवाला तोल सावरत होता. आत्ताआत्तापर्यंत तिथे कोणीही नव्हतं. कालव्याकाठचा रस्ता, वळण, एका अंगाला झाडांची रांग, नुकताच पडलेला अंधार, आणि ती चांगली टक्क जागी, समोर बघत बसलेली. तरी रस्ता रिकामा होता आणि मग एकदम रिकामा नव्हता. सायकलवाल्याने एक पाय खाली टेकला, मागे न बघताच हात वर केला, म्हणजे असू दे, होतं असं, आणि पुन्हा पायडल मारत रस्त्याच्या अगदी मधून, आपल्याच तंद्रीत, पुढच्या अंधारात शिरला. चेहरा दिसलाच नाही. पण तो हात. कोपरात न वाकवता खांद्यापासून उचललेला, पंजा पाण्यात घालावा तसा सपाट. लग्न झाल्यापासून सकाळी दारातून बाहेर पडताना हा हात असाच वर व्हायचा आणि ती आतून बरं म्हणायची. तिचा नवरा होता तो, आणि त्याच्या अंगात तिने स्वतः शिवलेला पिवळा कोट होता.

"बघितलंत?" गाडी चालवणारा दिवेवाला म्हणाला. नाटकगृहातल्या दिव्यांचं सगळं काम त्याच्याकडे होतं, आणि दुरुस्तीचे कपडे घरी न्यायचे असले की तो टाचणीबाईला आपल्या गाडीतून सोडायचा. "काय माणसं असतात एकेक. अंधारात काळे कपडे घालून रस्त्याच्या मधोमध. त्याचा जीव गेला असता आणि माझ्या डोक्याला जन्माचा ताप."

"काळा नव्हता कोट," ती म्हणाली. "पिवळा होता."

"कसला पिवळा, बाई? काळाकुट्ट. मला तर आधी वाटलं, रस्त्यावर काहीतरी सांडलंय. मग चाक दिसलं."

"पिवळा," ती पुन्हा म्हणाली, पण हळू, आणि खाली वाकून कपडे गोळा करायला लागली. माझा नवरा होता तो, एवढंच म्हणायचं होतं, पण ती ते म्हणाली नाही. दिवेवाल्याला लाज वाटेल म्हणून नव्हे. हे एक वाक्य म्हटलं असतं तर पाठोपाठ दुसरं म्हणावं लागलं असतं, की मलाही दिसला नाही तो. आणि हे वाक्य टाचणीबाईने आजवर कुणासमोर, कशाबद्दलही म्हटलेलं नव्हतं.

आता टाचणीबाई म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. नाटकगृहाचा सगळा कपडेपट तिच्या ताब्यात. ओठांत सदानकदा टाचण्या धरलेल्या, आणि त्या तशाच धरून ती भल्याभल्या नटांना झापायची, म्हणून नाव टाचणी. पुढे वय वाढलं तसं त्याला आदराने बाई चिकटलं. तिच्या नजरेचा तोरा सगळ्यांना ठाऊक होता. शेवटच्या रांगेत बसून ती सांगायची, तिसऱ्या शिपायाचं खालचं बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलंय, आणि जाऊन बघावं तर लावलेलं असायचं. कोण दिसलं पाहिजे आणि कोण दिसता कामा नये हे ठरवणं हाच तिचा धंदा. सामान हलवणाऱ्या माणसांना ती असे काळे कपडे द्यायची की राजाच्या शेजारून टेबल आपणहून चालत गेल्यासारखं वाटायचं. राणीपेक्षा दासीकडे जास्त डोळे जायला लागले, तर दासीची ओढणी चहाच्या पाण्यात बुचकळून तिचा रंग मारायची, आणि दासी रडली तरी ऐकायची नाही. हे तिला कुणी वर्गात बसवून शिकवलं नव्हतं. आई लोकांचे कपडे शिवायची. कापड घेताना ती दुकानातल्या दिव्याखाली कधी बघायची नाही, ठाण उचलून सरळ दाराबाहेर उन्हात न्यायची, आणि दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी खुशाल उभी राहायची. शेजारी फ्रॉकमधली टाचणी. आई विचारायची, सांग, निळा की जांभळा? ती सांगायची आणि आई मान डोलवायची. तेव्हापासून आपल्याला दिसतं ते बरोबरच असतं याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती. नवऱ्याचा हरवलेला चष्मा, घराच्या किल्ल्या, नाटकातल्या जोड्यांच्या लफड्यांची पहिली चाहूल, सगळं आधी तिलाच दिसायचं. आणि आज नवराच दिसला नव्हता. गाडीत बसून तिने राणीच्या शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली, आणि दिवेवाला आणखी काय काय बोलत होता ते तिच्या कानांवरून गेलं.

कोटाची गोष्ट अशी झाली होती. नवरा पोहण्याच्या तलावावर मास्तर. घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणायचे, तीसुद्धा. लहान मुलांना आणि पाण्याला घाबरणाऱ्या म्हाताऱ्यांना तो पोहायला शिकवायचा आणि संध्याकाळचा शेवटचा वर्ग आटोपून सायकलवरून घरी यायचा. थंडी पडली, दिवस लवकर बुडायला लागला, तेव्हा तलावावर सगळ्यांना एकेक जाकीट वाटलं गेलं. मळकट पिवळं, आणि छातीपाठीवर एक राखाडी पट्टी. मास्तरने ते घालून दाखवलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. पोत्याला ठिगळ लावल्यासारखं दिसतंय, काढ ते, म्हणाली. तरी नुसतं हसून सोडून देणाऱ्यांतली ती नव्हे. दुसऱ्या दिवशी तिने जाकीट नाटकगृहात नेलं, रंगमंचावर एका खुर्चीला अडकवलं, दिवेवाल्याला वरून, बाजूने, आणि मागच्या भिंतीतल्या खोलीतल्या मोठ्या दिव्याने, असा सगळीकडून उजेड टाकायला लावला आणि आपण मधल्या रांगेत बसून बघितलं. पिवळं जेमतेम. पट्टी तर मेलेलीच, राखेचा ओरखडा. तेव्हा मागच्या खोलीतून, मोठ्या दिव्याला डोळा लावून बसलेला दिवेवाला म्हणाला होता, बाई, ही पट्टी काय चमकतेय, डोळ्यांत जातेय माझ्या. आणि तिने मान न वळवता त्याला ऐकवलं होतं, तुमच्या डोळ्यांत जाऊन काय उपयोग, नाटक खालून बघतात. सगळे खोखो हसले. तिने तिथेच बसून पट्टी उसवली, चिंध्यांच्या डब्यात टाकली, आणि एका जुन्या नाटकात सूर्याच्या झग्यासाठी आणलेलं झगझगीत पिवळं कापड पेटीतून काढलं. बाहेर नेऊन उन्हात धरलं तर डोळे दिपले. त्याचा कोट शिवला. खांदे असे बसले की मास्तर आरशासमोरून हलायला तयार होईना.

आणि खरा घोळ तिथून पुढे झाला. कोटाच्या आधी मास्तर रस्त्यावर भित्रा होता. पाण्यात तो कुणाच्या बापाला भ्यायचा नाही, पण सायकलवर बसला की कडेच्या धुळीतून, चाक गटाराला लागेल इतक्या बाजूने जायचा. मागून गाडीचा आवाज आला की उतरून उभा राहायचा. कालव्याच्या वळणावर तर सायकल हातात धरून चालायचा. त्यावरून ती त्याची थट्टाही करायची, की सायकल तुला आणते की तू सायकलला आणतोस. मागच्या लाल दिव्याचा सेल संपला की त्याच दिवशी नवा टाकायचा. कोट अंगात आला आणि मास्तर रस्त्याच्या मधून चालवायला लागला. लाल दिव्याचा सेल संपला तो संपलाच. ती एकदा म्हणाली होती, अरे तो दिवा बघ, तर म्हणाला, कोट आहे की, तू शिवलायस म्हणजे आंधळ्यालासुद्धा दिसेल. ते ऐकून तिला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. तिने ते नाटकगृहात दोघातिघांना सांगितलंही. म्हणजे इतके दिवस भीती त्याला सांभाळत होती, ती तिने काढून घेतली, आणि बदल्यात जे दिलं ते फक्त उन्हात खरं होतं. गाडीच्या दिव्यांचा उजेड खाली खाली, रस्त्यावर पडतो. कोट त्याच्या वर, अंधारात. हे तिला दिसायला हवं होतं. दिव्यांखाली कपडे बघण्यात उभा जन्म गेला होता तिचा.

त्यांची ओळखही अशाच एका कारणाने झाली होती, आणि ती आज नेमकी आठवावी याचा तिला राग आला. एका नाटकात नायिका बुडते असा प्रसंग होता. नटी हात वर करून जिवाच्या आकांताने ओरडत होती, पण ते खरं वाटेना, म्हणून तलावावरच्या मास्तरला बोलावलं. त्याने तालीम बघितली आणि अवघडून म्हणाला, बुडणारं माणूस असं करत नाही हो. ते ओरडत नाही, हात हलवत नाही. काठावर आई उभी असते, सरळ त्याच्याकडे बघत असते, आणि तिला वाटतं, पोरगं खेळतंय. त्याच्या पँटची शिवण मागे उसवली होती. टाचणीने ती उभ्या उभ्या टाचली आणि हलू नका म्हणाली. तेवढ्यावर जमलं. पण ती काठावरची आई तेव्हा तिला फार मूर्ख वाटली होती. बघत असून दिसत नाही म्हणजे काय, असं ती त्याला नंतर कितीदा म्हणाली होती.

दिवेवाला आता इतका सावकाश चालवत होता की ती पोचली तेव्हा मास्तर घरी येऊन चहाचं आधण ठेवून मोकळा झाला होता. कोट दारामागच्या खुंटीला होता. घरातल्या दिव्याखाली कसा दिमाखात झगझगत होता. तिला वाटलं, ओढून काढावा आणि फरशी पुसायला घ्यावा.

"आज एका गाढवाने मागून येऊन कचकन ब्रेक मारला," मास्तर म्हणाला. त्याच्या केसांना अजून तलावाच्या औषधाचा वास येत होता. "वळणावर. पण थांबला. कोट नसता तर मी गेलो होतो बघ. तुझे उपकार."

"लांबून दिसलास तू त्याला?"

"दिसलो म्हणून तर थांबला. काय बोलतेस?"

ती कप घेऊन उभी राहिली. सांगावं आणि मोकळं व्हावं असं वाटत होतं. पण नुसतं सांगून काय होणार? त्याचा तिच्यावर विश्वास होता, म्हणजे हेही त्याला लगेच पटणार. आणि मग त्याच्या हातात काय, तर जुनी भीती, तीही आता दुप्पट. रिकाम्या हाताने ती कधी कुणाकडे गेलेली नव्हती. अंगरखा जमला नाही असं नटाला सांगायला जातानाही तिच्या दुसऱ्या हातावर दुसरा अंगरखा असायचा. आणि खरं सांगायचं तर तिला मनातून खात्री होती की हे सुटेल. घाबरली होती ती, पण हात तिचेच होते आणि ते आजवर कुठे अडले नव्हते.

"मास्तर, उद्या मी येईपर्यंत तलावावरून निघू नकोस."

"का गं?"

"कोटाचं काम आहे."

"आता काय राहिलंय त्या कोटाचं?"

"सांगितलं तेवढं कर. मी आल्याशिवाय सायकलला हात लावलास तर बघ."

"बरं बाई," मास्तर म्हणाला. "हुकूम."

दुसऱ्या दिवशी, वर दिवे दुरुस्त करत बसलेला दिवेवाला सोडला तर, नाटकगृह रिकामं होतं. तिने रंगमंचावर अंधार करून घेतला, लाकडी पुतळ्याला कोट घातला आणि कपडेपटातून एकेक कापड काढून त्यावर टाकून बघायला लागली. आधी पांढरं, कारण कुणीही तेच करील. भुताच्या नाटकात पांढरी चादर अंगावर घेऊन आलेल्या नटाला बघून पुढच्या रांगेतली बाई खुर्चीतून पडली होती, पण ते दिवेवाल्याने त्या चादरीवर अख्खा दिवा रोखलेला म्हणून. दिवा सरकला की भूत गडप. लांबून दिवा टाकला तर पांढरं जरा बरं, एवढंच. मग लाल, अंधारात लाल म्हणजे काळ्याचा सख्खा भाऊ. टिकल्यांची झूल काढली, ती लुकलुकली खरी, पण मास्तरला टिकल्या लावून रस्त्यावर पाठवलं तर तो घटस्फोट मागेल. दुपार कलली तशी तिच्या हातांची घाई वाढली. संध्याकाळ काही थांबणार नव्हती, आणि मास्तर शब्दाचा पक्का असला तरी विसराळू होता. टिकल्यांची झूल आवरताना तिचा एक हूक निसटून चिंध्यांच्या डब्यात पडला. डबा टेबलाखाली. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात चिंध्यांत घालायचे म्हणून टॉर्च दातांत धरला, टाचण्यांच्या सवयीचं तोंड ते, आणि डब्यात डोकं घातलं.

आतून तिच्या अंगावर उजेड आला. डब्यात कुणीतरी दिवा लावून ठेवलाय असं वाटून ती मागे सरली आणि टेबलाची कड डोक्याला लागली. मग पुन्हा वाकली. ती पट्टी होती. पोत्याचं ठिगळ, राखेचा ओरखडा. पांढरीशुभ्र पेटली होती. तिने टॉर्च दातांतून काढून हात लांब करून धरला. पट्टी राखाडी, मेलेली. पुन्हा गालाशी आणला, पेटली. हात लांब, राख. गालाशी, उजेड. डोकं चोळत ती तिथेच जमिनीवर बसली आणि लांब, जवळ, लांब, जवळ करत राहिली. हे कापड उजेड जिकडून येतो तिकडेच परत पाठवत होतं, जसाच्या तसा, इकडेतिकडे न सांडता. दिवा ज्याचा, त्यालाच दिसणार. मधल्या रांगेतल्या बाईला नाही, आरशात बघणाऱ्याला नाही, घालणाऱ्याला तर नाहीच नाही. डोळ्यांत जातेय माझ्या, दिवेवाला म्हणाला होता, कारण त्याचा डोळा दिव्याला लागलेला होता. आणि गाडी चालवणारा बसतो कुठे, तर आपल्या दिव्यांच्या मागेच. अख्ख्या नाटकगृहात त्या दिवशी एकाच माणसाने खरं बघितलं होतं आणि तिने त्याचं हसं केलं होतं. नाटक खालून बघतात, म्हणे. रस्ता काही नाटक नव्हता.

कुणी दुसरी असती तर रडली असती. टाचणीबाईने हूक आधी शोधून घेतला, मग पट्टी हातावर घेऊन झटकली. तिचा जीव भांड्यात पडला होता. आता ही लावायची कुठे एवढाच प्रश्न होता आणि असले प्रश्न तिच्या घरचे होते. पुतळ्याच्या छातीला टाचून, टॉर्च गालाशी धरून ती प्रेक्षागृहाच्या पार मागे गेली. पट्टी लांबून झळकली. पण झळकून काय, अंधारात एक आडवी रेघ. रस्त्यावरची पाटी, फाटकाची कड, कुणी ठेवलेली कचऱ्याची पेटी, काहीही असू शकलं असतं ते. माणूस वाटत नव्हता. आणि तेव्हा तिला ती दासी आठवली, जिची ओढणी चहात बुचकळूनही लोक तिच्याकडेच बघत राहिले होते. शेवटी कळलं, की तिला उभ्या उभ्या पाऊल हलवायची सवय होती आणि पायातल्या पैंजणांवर उजेड हलायचा. स्थिर उभ्या राणीला कोण विचारतो. डोळा हलतं ते धरतो, आणि त्यातही माणसाचं हलणं तो हजारात ओळखतो. सायकलवाल्याचं काय हलतं? खांदे नाहीत, पाठ नाही. पाय. वर, खाली, वर, खाली. असं कुठलीच पाटी करत नाही. आणि पाय खाली असतात, जिथे गाडीचा उजेड पडतो तिथेच. तिने पट्टीचे दोन सारखे तुकडे कापून घेतले, मागे अस्तर लावलं, कडेला बंद शिवले, घोट्याला बसतील अशा दोन पट्ट्या केल्या. उरलेल्या तुकड्याची एक पट्टी कोटाच्या खालच्या काठाला टीप मारून टाकली, कारण तेही वाया का घालवा. मग वर जाऊन दिवेवाल्याला म्हणाली, "कालचा सायकलवाला माझा नवरा होता."

दिवेवाल्याच्या हातातला पाना तसाच राहिला. "काय सांगताय, बाई."

"आणि तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. कालही आणि त्या पट्टीच्या वेळीही. आता उठा, गाडी काढा. वाटेत सेल घ्यायचे आहेत."

तलावामागून कालव्याकडे जाणारा रस्ता त्या वेळी ओस असायचा. मास्तर फाटकापाशी सायकल धरून उभा होता. शब्द पाळला होता त्याने. तिने बरोबर आणलेला कोट स्वतःच्याच अंगात घातला, तो कालच्यासारखाच राहावा म्हणून काठाची पट्टी आत मुडपून टाचली, आणि त्याला गाडीत दिवेवाल्याशेजारी बसायला सांगितलं. "मी पुढे जाते. तुम्ही मागून यायचं. मास्तर, मी दिसले की थांबा म्हणायचं. त्याने थांबा म्हटल्याशिवाय तुम्ही थांबायचं नाही."

"असले खेळ मला जमणार नाहीत," दिवेवाला म्हणाला. "मुंगीच्या पावलाने चालवीन मी."

"चालवा. मुंगीच्या तर मुंगीच्या."

सायकल उंच होती. टाचणीबाई वळणापर्यंत गेली, थांबली, परत हळूहळू पायडल मारायला लागली आणि मागे बघायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं. स्वतःकडे बघितलं तर बाह्या पिवळ्या दिसत होत्या, अगदी स्पष्ट, आणि क्षणभर तिलाही वाटलं, दिसतेय की मी. हेच ते. मास्तरला रोज हेच वाटत असणार. आपले हात आपल्याला दिसतात म्हणजे जगालाही दिसतात. मागून गाडीचा आवाज आला. आता थांबेल, असं ती मनात म्हणत होती. आवाज वाढला. तिचं चाक उजेडात आलं, मग तिची सावली पुढे पडली, आणि गाडी येतच राहिली. तिला ओरडावंसं वाटलं आणि ओरडता येईना. हात हँडलवरून सुटेनात. मग ब्रेक लागला, पोटऱ्यांना इंजिनाची ऊब लागली, आणि दार उघडून मास्तर धावत आला. त्याचा चेहरा तिने असा कधी बघितला नव्हता.

"तू नव्हतीस," तो म्हणाला. "मी बघत होतो. डोळे फाडून बघत होतो. तू नव्हतीसच."

"काल या गाडीत मी होते, मास्तर. दिवेवाल्याच्या शेजारी. मलाही नव्हतास दिसला." मग तिने जे अजून कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं. "मला फार भीती वाटली. आणि चूक माझी होती, पट्टी मी उसवली."

त्याने तिच्या हातातली सायकल घेतली आणि उगीच पुढेमागे केली. "म्हणजे ते गाढव हे," तो दिवेवाल्याकडे बघून म्हणाला, आणि दिवेवाल्याने मान खाली घातली. "म्हणजे मी रोज मधून..."

"हो. पाय पुढे कर."

ती रस्त्यावर उकिडवी बसली आणि त्याच्या घोट्यांना पट्ट्या बांधायला लागली. मास्तर खाली बघत होता. "पायाला? घोडा आहे का मी? आणि हे तर राखाडी आहे गं. तूच हसली होतीस याला."

"तुला दिसणारच नाही ते. तुझ्यासाठी नाहीच ते."

"मग मला कळणार कसं?"

"मी सांगते ना," ती म्हणाली, आणि गाठ ओढली. अंगातला कोट काढून त्याला घातला, काठाच्या टाचण्या काढून ओठांत धरल्या, लाल दिव्यात नवा सेल टाकला आणि तो लागतो का ते दोनदा बघितलं. "आणि हे बांधलंय म्हणून मधून जायचं नाही. कडेने. गटारातून नाही, पण कडेने. आम्ही मागून येतो."

तो गेला. दिवेवाल्याने जरा वेळ जाऊ दिला, मग गाडी सुरू केली. वळणापर्यंत रस्ता काल होता तसाच होता, झाडं, काळोख, पुढे काही नाही. टाचणीबाईने टाचण्या ओठांत तशाच घट्ट धरल्या होत्या. गाडी वळली आणि लांब, जिथे काल तिला काहीच दिसलं नसतं तिथे, दोन पांढऱ्या ठिणग्या उठल्या. एक वर, एक खाली. एक खाली, एक वर. मध्ये लाल दिवा होता, पण त्याच्याकडे डोळा जाईना. डोळा त्या दोघींनीच धरून ठेवला. "अरे," दिवेवाला म्हणाला, आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला, "तो बघा माणूस चाललाय." टाचणीबाईसाठी तो नुसता माणूस नव्हता. उजवा गुडघा बाहेर फेकून, पाणी मागे ढकलावं तसा पाय मारत जाणारा या गावात एकच होता, आणि इतक्या लांबून, इतक्या अंधारात, चेहरा नाही, कोट नाही, हात नाही, तरी तिला तो घरातल्यासारखा दिसत होता. वळण संपलं तिथे दोन्ही ठिणग्या क्षणभर थांबल्या. एका हाताने सायकल सांभाळायची असली की मास्तर पाय थांबवतो, तिला माहीत होतं. म्हणजे त्याने हात वर केला होता. तो हात काही दिसत नव्हता. तिने टाचण्या तोंडातून काढल्या, आणि तो मागे बघणार नाही हे माहीत असूनही काचेमागे बसल्या बसल्या आपला हात वर केला. "बरं," ती म्हणाली.